कोकणात जुन्या पद्धतीचं कंट्रोल लाइन विमान बनवताना: बाल्सा, डोप आणि खारी हवा

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की दापोलीजवळ मुरुडला राहतोस, मामाच्या पेटीत ऑरोराचं १.५ सीसी डिझेल इंजिन सापडलं, त्यावर १९५० च्या सुमाराची दिसायची तसलं बाल्साचं (फार हलक्या लाकडाचं) कंट्रोल लाइन विमान, म्हणजे हातातल्या दोन तारांनी वर्तुळात फिरवून उडवायचं मॉडेल, बनवायला घेतलं, एक पंख झाला पण डोप (कव्हरिंग ताणून घट्ट करणारं लॅकर) मारला तो पांढरा पडला आणि पंखाला पीळ बसला, आता हा पंख टाकून द्यावा का आणि पुढचं कसं करावं.

टाकू नकोस. दोन्ही दुरुस्त होतं. पण आधी एक सांगतो, कारण तू लिहिलंयस की प्लॅनमध्ये दिलंय अगदी तसंच केलं. तुझं काही चुकलं नाही, प्लॅन ज्यांनी काढले ते अमेरिकेत नाहीतर इंग्लंडात घरातल्या कोरड्या खोलीत बसून विमानं करत होते आणि तू ऑगस्टमध्ये समुद्रापासून दोनशे पावलांवर बसून करतोयस. आपल्याकडे हे विमान प्लॅनपेक्षा हवा बघून बनवावं लागतं. मी कॉलेजात असताना मुंबईला एनसीसीच्या एअर विंगमध्ये हे शिकलो, तिथेही दमट हवा असते पण आम्ही बहुतेक काम डिसेंबर-जानेवारीत करायचो म्हणून कधी कळलं नाही, आणि मग रत्नागिरीला घरी येऊन पहिला पंख जुलैत डोप केला तर सकाळी बघतो तो पंखावर खडू फासल्यासारखं. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं म्हणून तुला सगळं सविस्तर लिहितो.

डोप पांढरा का पडतो, तर त्यातला थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो, मग हवेतली वाफ तिथे दवासारखी बसते आणि ते पाणी थरात अडकतं. आपल्या गावातल्या फर्निचर पॉलिशवाल्यांना हे चांगलं माहीत असतं, ते पावसाळ्यात लॅकर मारायचं टाळतात किंवा थिनरमध्ये रिटार्डर घालतात. रिटार्डर म्हणजे हळू उडणारा थिनर, पेंटच्या दुकानात मिळतो. तुझ्या पंखासाठी उपाय एवढाच की ऊन पडलेला कोरडा दिवस बघ, थिनरमध्ये थोडा रिटार्डर मिसळ आणि मऊ ब्रशने एक पातळ हात फिरव, खालचा थर पुन्हा विरघळतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि पांढरेपणा जातो. सप्टेंबरात असा दिवस नाही मिळाला तर थांब. दिवाळीनंतर कर. पंख कुठे पळून जात नाही.

पीळ काढायला चहाची किटली. वाफेवर पंख धर, पीळ आहे त्याच्या उलट दिशेला थोडा जास्तच वळव, आणि गार होईपर्यंत तसाच धरून ठेव, मग सपाट फळीवर खाली ठोकळे लावून, टाचण्या मारून दोन दिवस ठेव. मागून एका डोळ्याने बघ, दोन्ही बाजूंच्या मागच्या कडा मधल्या रेषेला समांतर दिसल्या पाहिजेत. हे बघायला आळस करू नकोस, कारण कंट्रोल लाइनमध्ये एलरॉन, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखावरच्या हलत्या पट्ट्या, नसतात, हवेत गेल्यावर पीळ सावरायला तुझ्या हातात काही नसतं. विमान आत कलंडलं की तारा ढिल्या, आणि तारा ढिल्या म्हणजे कंट्रोल गेला.

आता विंटेज म्हणजे नक्की काय ते दोन ओळीत, कारण त्यावरून मॉडेल ठरतं. अमेरिकेतल्या जिम वॉकरने १९४० च्या सुमारास फायरबॉल नावाचं विमान आणून ही पद्धत लोकांपर्यंत नेली, दोन तारा, हातात एक हँडल, विमानात बेलक्रँक म्हणजे दोन तारांनी मागेपुढे फिरणारी छोटी पट्टी, बेलक्रँकपासून एलिव्हेटरला, म्हणजे शेपटीच्या वरखाली हलणाऱ्या भागाला, पुशरॉड. मूळ कल्पना आजही तीच आहे. मग जॉर्ज ऑल्ड्रिचचं नोबलर आलं, पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप म्हणजे हलणाऱ्या पट्ट्या आणि ते एलिव्हेटरला जोडलेले, त्याने स्टंट उडवणंच बदलून टाकलं. स्टर्लिंग कंपनीचं रिंगमास्टर मात्र साधं, बाजूने सपाट फळीची बॉडी, फ्लॅप नाहीत, आणि आजही लोक ते बनवतात. तिकडच्या ओल्ड टाइम स्टंटच्या स्पर्धेत १९५२ च्या शेवटापर्यंतची डिझाइन्स धरतात, क्लासिकला १९६९ पर्यंतची. तुला स्पर्धा नाही खेळायची, पण हा काळ डोक्यात ठेवलास तर आकार, रंग, चाकं सगळं आपोआप जुळतं. नोबलरच्या मागे आत्ता लागू नकोस, ते ३५ नंबरच्या म्हणजे सुमारे ५.७ सीसीच्या इंजिनाचं विमान आहे. तुझ्या १.५ ला रिंगमास्टरच्या घराण्यातलं लहान, सपाट बॉडीचं विमान बरोबर.

मापं मी जी वापरतो ती देतो. पंख टोकापासून टोकापर्यंत ८० सेंमी, रुंदी १७ सेंमी, जाडी रुंदीच्या १५ ते १६ टक्के आणि वरखाली सारखी, म्हणजे सिमेट्रिकल. डावा पंख, म्हणजे वर्तुळाच्या आतला, उजव्यापेक्षा दीड-दोन सेंमी लांब, जुन्या विमानांत असंच असायचं. बॉडी ५५ ते ५८ सेंमी. इंजिन-टाकीसकट सगळं मिळून ४०० ते ४५० ग्रॅममध्ये बसव. ५०० च्या वर गेलं तर उडेल पण लूप मारताना खाली दबेल.

लाकडावर जरा थांबतो, कारण इथेच विमान हलकं होतं नाहीतर जड होतं. बाल्सा ऑनलाइन मागवतोस तर दुकानदार जो देईल तो येतो, म्हणून दोन शीट जास्त मागव आणि आल्यावर प्रत्येक शीट काट्यावर ठेव. ३ इंच रुंद, ३ फूट लांब आणि दीड एमएम जाडीची शीट १० ग्रॅम भरली तर लाकूड साधारण १०० किलो घनमीटरला, म्हणजे उत्तम हलकं. १५ भरली तर १५०. तीन एमएमच्या शीटला आकडे दुप्पट. पेन्सिलीने शीटवरच वजन लिहून ठेव. रिब्सना, म्हणजे पंखाच्या फासळ्यांना, १० ते १२ ग्रॅमवाली, स्पारला (पंखातला लांब दांडा) आणि लीडिंग एजला (पंखाची पुढची कड) कडक आणि जड चालते, किंबहुना तिथे जडच हवी, कारण पंख मोडतो तो मधे मोडतो. शेपटीला हलकी पण ताठ. शीट उजेडात धरलीस तर काहींवर माशाच्या खवल्यांसारखे ठिपके चमकताना दिसतात, तिला सी ग्रेन म्हणतात, ती वाकत नाही, रिब्सना आणि शेपटीला तीच वापर. जिच्यावर सरळ लांब रेघा दिसतात ती ए ग्रेन, ती आडवी सहज वळते, म्हणून लीडिंग एजवर गुंडाळायला ती. उलट केलंस तर लीडिंग एजला तडे जाणार आणि शेपूट लडबडणार.

शीट आल्या आल्या कापायला घेऊ नकोस. आपल्या हवेत बाल्सा ओल पितो. एक सांगतो, कव्हर न केलेला एक पंख मी जुलैत वजन करून ठेवला होता, ११२ ग्रॅम, तोच पंख जानेवारीत १०६. सहा ग्रॅम पाणी. आणि पाणी पिताना लाकूड आडवं फुगतं, मग सुकताना आकसतं, मधे आपण चिकटवून टाकलेलं असतं म्हणून पीळ बसतो. मी काय करतो, एका जुन्या कपाटात ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब खालच्या फळीवर बसवलाय, दाराला वरखाली भोकं आहेत, लाकूड आणि अर्धवट झालेले भाग त्यातच राहतात. घरातल्यांना वाटलं तर पापड-कुरडयाही ठेवू देत, आमच्याकडे ठेवतात. बल्बपासून लाकूड हातभर लांब पाहिजे हे मात्र बघ, आणि डोपचे ओले भाग किंवा इंधनाची बाटली त्या कपाटात कधीही नाही.

लोक विचारतात पांगारा किंवा सावर वापरली तर चालेल का, इथेच मिळते. मी पांगाऱ्याची शेपूट करून बघितली आहे. दिसायला छान, पण चांगल्या बाल्साच्या दुपटीहून जड, आणि या विमानात शेपटीतला एक ग्रॅम म्हणजे नाकात तीन ग्रॅम घालावे लागतात. चाकांना, हँडलला वापर, तिथे मस्त.

इंजिन ज्यांवर बसतं त्या बेअरर्सना मात्र कठीण लाकूडच हवं, १० बाय १० एमएम. बीच मिळालं तर तेच घे. साग घेणार असशील तर त्यात नैसर्गिक तेल असतं, एपॉक्सी धरत नाही, म्हणून चिकटवायच्या आधी थिनरने दोनदा पुसून लगेच चिकटव.

रिब्स एकेक कापत बसू नकोस. तीन एमएम प्लायचे दोन साचे कर, मधे सगळ्या शीटचे तुकडे घालून दोन बोल्टने आवळ, ब्लेडने जाडजाड कापून मग पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने साच्यापर्यंत घास, स्पारच्या खाचाही तिथेच एकदम. रुंदी एकसारखी ठेवलीस म्हणून हे जमतं, निमुळता पंख पुढच्या विमानाला. पंख बांधताना फळी खरोखर सपाट हवी, फ्लश दरवाज्याचा तुकडा मिळाला तर उत्तम, वर प्लॅन, त्यावर पारदर्शक प्लास्टिक. फेविकॉल वापर, फेवीक्विक फक्त टाचायला. फेविकॉलला पावसाळ्यात वाळायला एक रात्रही पुरत नाही, म्हणजे चोवीस तास फळीवरून उचलायचं नाही. खूप जण सकाळी उचलतात आणि पीळ तिथेच येतो, डोपला दोष देतात. तुझंही तसंच झालं असेल असं मला वाटतंय.

बेलक्रँक. संपूर्ण विमानात सगळ्यात जास्त काळजी इथे. विमान फिरताना बाहेर ओढतं ती सगळी ओढ या एका बोल्टवर असते. हिशोब करून बघ, १२ मीटरच्या तारा आणि ४ सेकंदाला एक फेरी म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या जवळपास, त्या वेगाला विमान आपल्या वजनाच्या तिप्पट ओढतं, म्हणजे ४२० ग्रॅमचं विमान सव्वा किलोच्या वर. झटका बसला की आणखी. म्हणून बेलक्रँक ३ एमएम प्लायवर, प्लाय दोन रिब्सच्या खाचेत आणि वरखालच्या दोन्ही स्पारना एपॉक्सीने बसवलेली, बोल्टला लॉक नट. बेलक्रँक ५० ते ६० एमएमची, अॅल्युमिनियमपेक्षा नायलॉन किंवा फायबरची बरी, तार कापत नाही. पंख बंद करायच्या आधी दोन्ही लीड आउट, म्हणजे बेलक्रँकपासून पंखाच्या टोकाबाहेर येणाऱ्या तारा, पकडून, बेलक्रँकच्या बोल्टवर सगळं वजन येईल असं लटकवून, खाली ५ किलो टांग. आमच्याकडे मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा असतो तो लावून ओढलंस तरी चालेल. करकर आवाज आला तर पंख उघडाच आहे, तेव्हाच दुरुस्त होईल. उडायच्या आधी दर वेळी हीच ओढ हँडलपासून द्यायची, विमान मित्राने धरायचं.

पुशरॉड २ एमएमची तार, मधे बॉडीवर एक-दोन ठिकाणी आधार, नाहीतर ती वाकते आणि डाउन दिलेला एलिव्हेटरपर्यंत पोचतच नाही. एलिव्हेटर दोन्ही बाजूला २० अंश, सुरुवातीला जास्त नको. पुशरॉड हॉर्नच्या, म्हणजे एलिव्हेटरवरच्या छोट्या दांडीच्या, बाहेरच्या भोकात लाव म्हणजे विमान शांत राहतं. बिजागऱ्यांना जुनी पद्धत म्हणजे कापडाच्या पट्ट्या आठच्या आकारात, दिसायलाही त्या काळातल्या, आणि खाऱ्या हवेत गंजायला काही नाही. मला त्या फार आवडतात.

बॉडी ९ एमएमच्या शीटची, पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी दीड एमएम प्लाय, ती प्लाय पंखाच्या मध्यापर्यंत मागे न्यायची आणि टोक तिरकं कापायचं, सरळ कापलंस तर त्या रेषेवर बॉडी मोडते. सपाट बॉडीचा एकच मोठा दोष, थरथर. नाक लडबडलं की टाकीत इंधनाला फेस येतो, फेस आला की इंजिन अडखळतं, आणि लोक मग इंजिनाची इंधन कमीजास्त करणारी सुई फिरवत बसतात. त्यामुळे बेअरर लांब ठेव, पंखाच्या आत शिरतील इतके. इंजिन दोन अंश बाहेर, म्हणजे उजवीकडे, बघत असलेलं. पंख, शेपूट, इंजिन बाजूने बघताना एका पातळीत, शून्य-शून्य.

टाकी पत्र्याची, डब्याचा पातळ पत्रा कात्रीने कापून सोल्डर मार, नळ्या तांब्याच्या नाहीतर पितळेच्या ३ एमएमच्या. पाचराच्या आकाराची, चिंचोळी कड बाहेर. इंधन ओढणारी नळी आत मागच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत, कारण फिरताना इंधन तिकडेच साठतं. टाकीचा मध्य इंजिनाच्या सुईच्या उंचीला. मग उडवून बघ, सरळ उडताना इंजिन जोरात आणि उलटं उडताना मंद वाटलं तर टाकी दोन एमएम वर सरकव, उलट असेल तर खाली. टाकी रबरबँडने किंवा पट्टीने बांध, चिकटवू नकोस.

इंजिनाबद्दल. कलकत्त्याची ऑरोरा माझ्या पिढीतल्या खूप जणांचं पहिलं इंजिन, एनसीसीत हीच असायची. तुझं वर्षानुवर्षं पडून आहे म्हणजे आतलं एरंडेल गोंदासारखं झालं असणार. पंखा, म्हणजे प्रॉपेलर, जोराने फिरवू नकोस, कनेक्टिंग रॉड जाईल. दोन दिवस थिनरमध्ये बुडवून ठेव, मग हलक्या हाताने मागेपुढे. वरचा कॉम्प्रेशनचा स्क्रू दोन आटे सैल करून मगच सुरू करायला घे, फ्लिक मारताना, म्हणजे बोटाने पंखा झटकून इंजिन चालू करताना, घट्ट लागलं तर तिथेच थांब, आत इंधन भरलंय असं समज. पंखा ८ बाय ४, लाकडी. बोटांना जाड हातमोजा.

इंधन म्हणजे इथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारखे भाग, वर एक-दोन टक्के इग्निशन इम्प्रूव्हर. घरी बनवू नकोस, हॉबीच्या दुकानातून तयार घे. इथरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरपटत जाते आणि चार हात लांबच्या समईवरही पेट घेते. बाटली घराबाहेर, सावलीत, गच्च बुचाची. यात मी कोणालाच सूट देत नाही. ग्लो इंजिनात, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या प्लगवर चालणाऱ्या इंजिनात, मिथेनॉल लागतं, ते विष आहे आणि हवेतलं पाणी शोषतं, उघडी बाटली आपल्याकडे काही दिवसांत खराब, त्यामुळे कोकणात डिझेल हे एका अर्थी बरंच आहे. इंधनाची कटकटच नको असेल तर हल्ली इलेक्ट्रिक मोटर आणि टायमर लावतात, जुन्या आकाराच्या विमानात तेही छान उडतं, पण तुझ्याकडे मामाचं इंजिन आहे तर तेच लाव.

कव्हरिंगला परत येतो. पतंगाचा कागद नको, तो पाण्याने ताणत नाही. जपानी टिश्यू किंवा पातळ सिल्क. मी सिल्कच्या बाजूचा आहे, सुरूच्या काटक्यांवर विमान उतरलं तर टिश्यू फाटतो, सिल्क टिकतं, आणि डोपखाली सिल्कचं विणकाम दिसतं ते त्या काळातलं वाटतं. कापडाच्या दुकानात सगळ्यात पातळ प्लेन चायना सिल्क माग. आधी उघड्या लाकडाला दोन हात डोप, वाळल्यावर बारीक पेपर, मग सिल्क ओलं करून पंखावर पसर, सुरकुत्या ओढून काढ, कडेने थिनरचा ब्रश फिरव म्हणजे खालचा डोप वर येऊन धरतो. पाणी पूर्ण सुकू दे, आपल्याकडे पूर्ण म्हणजे एक रात्र आणि एक दुपार. मग डोप. पंखाच्या वरच्या आणि खालच्या बाजूला त्याच दिवशी, सारखेच हात, नाहीतर एक बाजू जास्त ओढते.

असली डोप नसेल तर फर्निचरचं एनसी क्लिअर लॅकर घे, ते मुळात नायट्रोसेल्युलोजच, थिनर अर्धं-अर्धं, आणि वाटीभर लॅकरला एरंडेलाचे पाच-सहा थेंब, म्हणजे वर्षाने कडक होऊन तडकत नाही आणि पंख जास्त ओढत नाही. पाच-सहा पातळ हात पुरे. वेळ सकाळची नाही, सकाळी दव असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अकरा ते तीन, उन्हात नाही पण उघड्या पडवीत. संध्याकाळी समुद्राकडचा वारा ओलसर होतो तेव्हा डबा बंद. रंग कमी मार, क्रीम आणि लाल, किंवा पिवळा आणि काळी पट्टी, रंगीत टिश्यूच चिकटवलास तर वजन जवळजवळ शून्य. शेवटचा हात पातळ दोन घटकांच्या पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरचा, त्याने इंधनाचं तेल आत शिरत नाही आणि खारी हवाही. हे जुन्या काळातलं नाही, पण इथे मी ते हट्टाने करतो, कारण पीयू न मारलेलं माझं एक विमान दोन पावसाळ्यांत शिवणीवर उकललं.

तोल कसा बघायचा, रिकाम्या टाकीने, पंखाच्या पुढच्या कडेपासून ३५ ते ४० एमएमवर दोन बोटांवर विमान सपाट राहिलं पाहिजे. मागे जड असेल तर नाकात शिसं घाल, हळहळू नकोस. लीड आउट तारा पंखाच्या टोकाला बाहेर पडतात तो मध्य या तोलाच्या बिंदूपेक्षा सेंटीमीटरभर मागे. बाहेरच्या टोकात १५ ग्रॅम शिसं, तारांच्या वजनाला तोल म्हणून.

तारा ०.३ एमएमच्या, स्टेनलेस, अनेक पदरी, १२ मीटर. टोकाला गाठ नाही आणि नुसतं सोल्डर नाही, सोल्डरच्या कडेला तार ठिसूळ होऊन तुटते. तार घडी करून बारीक तांब्याच्या तारेने घट्ट गुंडाळायची. दोन्ही तारा एमएमपर्यंत सारख्या. आणि प्रत्येक उड्डाणानंतर पुसायच्या, कोरड्या फडक्याने, मग किंचित स्पिरिट लावलेल्याने. लूप मारला की दोन तारा एकमेकींवर गुंडाळतात आणि एकमेकींवरून सरकल्या तरच कंट्रोल चालतो. एकदा रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर मी तारा वाळूत टाकून चहाला गेलो आणि तशाच रिळावर गुंडाळल्या. पुढच्या रविवारी तिसऱ्या लूपला हँडल वर आणि एलिव्हेटर जागच्या जागी, मीठ आणि वाळूने तारा अडकलेल्या, विमान सरळ ओल्या वाळूत घुसलं. इंजिन खणून काढावं लागलं. चार महिन्यांचं काम होतं ते.

कुठे उडवायचं. विजेच्या तारा जिथून नजरेत येतात ती जागा नको, आपल्या हातात धातूच्या तारा असतात. ढग गडगडत असतील तर विमान पेटीतच. जांभ्याचा सडा मोकळा असतो, गवत वाळल्यावर बरा, पण उतरताना कातळ चाकं आणि पंखा खातो. तुझ्याकडे मुरुड-कर्द्याची वाळू घट्ट आहे, गाड्या चालतात तिथे, ती ओहोटीला वापर. आपल्याकडचा जुना हिशोब माहीत असेल, तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ, तिथून सहा तास मागेपुढे ओहोटी. म्हणजे द्वितीयेला दीडला भरती आणि सकाळी साडेसातला ओहोटी, तृतीयेला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस सगळ्यात छान, पाणी लांब जातं आणि सकाळीच जातं. त्या वेळी वाराही मतलई असतो, जमिनीकडून मंद, दहा-अकरानंतर खारा वारा सुटला की नवशिक्याने आवरतं घ्यायचं. पर्यटकांच्या घोडागाड्या आणि पोरं यायच्या आतही उरकतं. वर्तुळ पायाने वाळूत आखून घे, १५ मीटर त्रिज्येचं, आणि त्याच्या आत कोणी येणार नाही यासाठी एक माणूस वेगळा.

पहिलं उड्डाण, वारा तुझ्या पाठीवर आणि विमान तुझ्यासमोर, तिथून सोडायचं, म्हणजे वारा विमानाला बाहेर ढकलतो आणि तारा ताठ राहतात. हँडलची दोरी मनगटाला, मग इंजिन. अप दिला की एलिव्हेटर वर जातो हे मित्राने ओरडून सांगायचं, दर वेळी, मी आजही करतो. मनगट वापरू नकोस, हात सरळ ठेवून खांद्यापासून वरखाली. नजर विमानावरच, मागचं सुरूचं बन बघितलंस की घेरी येते. पहिल्या तीन टाक्या फक्त सपाट, डोक्याच्या उंचीला, बाकी काही नाही. मग हळूहळू डोंगरासारखे चढउतार, लूप नंतर, तोही वारा पाठीवर असतानाच.

घरी गेल्यावर इंजिनातलं उरलेलं इंधन जाळून टाक, बाहेरून रॉकेलने धू, आत पातळ मशीन ऑइलचे चार थेंब घालून पंखा दहा वेळा फिरव, प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेव. वाळू गेली असं वाटलं तर सुरू करून बघू नकोस, आधी धू.

पंख दिवाळीपर्यंत बल्बच्या कपाटात ठेव आणि तोवर बॉडी, टाकी करून घे. मार्गशीर्षात शुद्ध द्वितीयेला मी भाट्याला असेन, साडेसहापासून. येताना इंजिन आण, पंखाला लावलेलं नाही, सुटं. कॉम्प्रेशन आधी हाताने बघू, मग फळीवर चालवू, आणि वेळ राहिला तर माझं विमान तू तीन टाक्या उडव.